पाट्यापासून ओट्यापर्यंत

जुन्या घराची डागडुजी निघाली म्हणजे भिंतींचा रंग, खिडक्यांचीं तावदानें, न्हाणीघराचे नळ हे सर्व प्रश्न थोड्याफार चर्चेनें सुटतात. परंतु स्वयंपाकघराचा ओटा कोणत्या दगडाचा करावा, या एका प्रश्नावर घरांतील मंडळींचें एकमत होतां होत नाहीं. सासूबाईंना कडप्पा हवा असतो, सुनेला ग्रॅनाइट, आणि दुकानदाराला जो दगड त्याच्याकडे फार दिवस पडून राहिलेला असतो तो. दुकानांत एकीला एक टेकून उभ्या केलेल्या काळ्याभोर, आरशासारख्या शिळांपुढें उभें राहिल्यावर तर भल्याभल्यांची मति गुंग होते. सर्वच काळ्या, सर्वच चकचकीत. मग एकीचा भाव दुसरीच्या कितीतरी पट कां, हें डोळ्यांना कांहीं केल्या उमगत नाहीं.

डोळ्यांना न उमगणारी ही गोष्ट इतिहासाला मात्र चांगली ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत दगड कोणत्या कामासाठीं आला, तो जमिनीवरून कंबरेएवढ्या उंचीवर कसा चढला, आणि चढतां चढतां त्याची जात कशी बदलत गेली, हें पाहिलें म्हणजे दुकानांतील त्या शिळा पुष्कळशा बोलक्या होतात.

महाराष्ट्राची भूमि मुळांतच दगडाची. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठाला भेगा पडून जो लाव्हारस बाहेर आला, त्याचे थरावर थर निवत गेले व त्यांतून दख्खनचें पठार बनलें. आजहि सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या खडकानें व्यापिलेला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. पाथरवटाच्या तोंडीं तो नुसता काळा पाषाण. वेरूळचें कैलास लेणें, रायगडाचा तट आणि घरोघरचा पाटा हीं तिन्ही याच एका खडकाचीं अपत्यें होत.

हा खडक अत्यंत चिवट आहे, त्याचा पोत बारीक आहे, आणि त्याला सरळ थर नाहींत. थर नसल्यामुळें त्याच्या पातळ लाद्या सुटत नाहींत. जें कांहीं करावयाचें तें टाकीनें घडवूनच करावें लागतें. म्हणून जुन्या मराठी स्वयंपाकघरांत दगड आला तो जमीन किंवा ओटा म्हणून नव्हे, तर हत्यार म्हणून. जातें, पाटा, वरवंटा, उखळ, खल ही त्याची मालमत्ता. पायाखालची जमीन मातीची, शेणानें सारवलेली. चूल व तिच्या बाजूचा वैल हीं दोन्ही मातीचींच, आणि तीं घालण्याचें काम घरांतील बायका स्वतःच करीत. मोठमोठ्या वाड्यांचे चौथरे घडीव दगडांचे असत. परंतु त्याच वाड्यांत सैंपाकीण बसे ती सारवलेल्या जमिनीवरच, पाटावर.

त्या काळीं दगडाची निवड हाताने व कानानें होई. पाथरवट खाणींतील दगडावर टाकी मारून नाद ऐके. खणखणीत वाजणारा दगड घेई, बद्द वाजणारा टाकून देई. ज्या दगडांत लाव्हारसाच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिलेल्या असत व त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले असत, तो कुंपणाच्या भिंतीला चाले. पाट्याला चालत नसे, कारण त्याची कच चटणींत उतरे. आणि एक विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा: पाटा जितका खरबरीत तितका तो चांगला. वापरून वापरून गुळगुळीत झालेला पाटा हा निकामी पाटा. वडार किंवा पाथरवट दारावर आला म्हणजे त्याला पुन्हां टाकी लावून घेत. आज ज्या चकाकीसाठीं पैसे मोजले जातात, तिलाच त्या काळच्या गृहिणी दोष मानीत, आणि ती घालविण्यासाठीं पैसे मोजीत.

या दगडाला घरांत मानहि मोठा होता. मूल जन्मल्यावर पांचवीच्या पूजेला पाटा-वरवंटा मांडतात. बारशाच्या वेळीं बाळाच्या आधीं वरवंट्याला पाळण्याचा मान मिळतो. लग्नघरीं जात्याची पूजा झाल्यावांचून हळद दळली जात नसे. कोंकणांत घरें जांभ्या दगडाचीं. जांभा खाणींत मऊ असतो व हवेंत कठीण होतो. १८०७ सालीं फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशानें मलबारांत तो पाहून लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट हें नांव दिलें. परंतु जांभा सच्छिद्र. भिंत त्याची उत्तम, पण वाटण त्याच्यावर वाटतां येत नाहीं. म्हणून जांभ्याच्या घरांतहि पाटा मात्र काळ्या दगडाचाच असे.

मग सपाट, रुंद व पातळ असा दगड महाराष्ट्राच्या घरांत आला कोठून? तो आला आगगाडीनें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता १८६० सालीं सोलापुरास पोंचला, आणि १८७१ सालीं रायचुरास जाऊन मद्रास रेल्वेच्या रस्त्याला मिळाला. या जोडणीमुळें मुंबई व मद्रास हीं दोन शहरें एका लोहमार्गानें बांधलीं गेलीं, एवढेंच शाळेच्या पुस्तकांत सांगितलेलें असतें. परंतु नकाशावर तो मार्ग बोटानें रेखून पाहावा. सोलापूर मागें टाकून गाडी गाणगापूरच्या स्टेशनावरून गुलबर्ग्यास जाते, तों पुढें शहाबाद लागतें. मग वाडी, रायचूर, गुंटकल. आणि गुंटकलच्या पुढें ताडिपत्री, येरगुंटला व कडप्पा. ज्या दोन दगडांनीं मराठी घरांतील शेणाची जमीन व मातीची चूल हटविली, त्या दोघांचीं गांवें अशीं एकाच मार्गावर बसलेलीं आहेत. बैलगाडीनें इतक्या लांबून दगड आणणें कोणाला परवडलें असतें?

शहाबाद त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें; आज तें कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यांत आहे. तेथील दगड हा चुनखडक. अतिप्राचीन काळीं उथळ समुद्राच्या तळाशीं चुन्याचा बारीक गाळ थराथरानें सांचत गेला व त्याचा हा खडक झाला. थरांमुळें पहार आणि पाचर एवढ्या साधनांनीं त्याच्या लाद्या सुट्या होतात. करवतीची आवश्यकता पडत नाहीं. स्वस्ताईचें मर्म यांतच आहे. राखी, किंचित् निळसर झांक असलेली शहाबादी फरशी प्रथम मोरींत आली, मग माजघरांत, आणि अखेरीस स्वयंपाकघराच्या जमिनीवर. सारवण्याचा रोजचा खटाटोप गेला. फडकें ओलें करून पुसलें कीं झालें. याच जातीचा चुनखडक भाजून वाडीस सिमेंट केलें जातें, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं लक्षांत असूं द्यावी; कारण जो दगड भाजून चुना होतो, तो आंबटाशीं मैत्री ठेवीत नाहीं.

कडप्पा त्याचा काळा भाऊ. १८७२ सालीं भारतीय भूगर्भ पाहणी खात्यांतील विल्यम किंग यानें कडप्पा व कर्नूल या भागांतील खडकांचें विस्तृत वर्णन प्रसिद्ध केलें. त्या खडकांपैकीं नरजी या गांवावरून ओळखला जाणारा चुनखडक बाजारांत कडप्पा या नांवानें खपतो. नांव जरी कडप्प्याचें असलें, तरी माल पुष्कळसा कर्नूलच्या बाजूच्या बेतमचेर्ला वगैरे गांवांतूनहि येतो. पोत शहाबादीहून घट्ट, रंग गडद, आणि लांब-रुंद लादी न मोडतां निघण्याचा गुण मोठा. दोन भिंतींमध्यें आडवी टाकली तर मांडणी झाली, उभी लावली तर आधार झाला, आणि दोन उभ्या आधारांवर आडवी ठेवली तर ओटा झाला. सुताराचें पुष्कळसें काम या एका दगडानें आपल्याकडे घेतलें.

येथें ओटा या शब्दाकडे क्षणभर वळलें पाहिजे. ओटा हा मुळांत घराबाहेरचा. संध्याकाळीं पुरुषमंडळी ज्यावर बसून पान खात व गांवच्या उखाळ्यापाखाळ्या काढीत, तो ओटा. हा शब्द घरांत शिरून स्वयंपाकघरांत जाऊन बसला, आणि बसण्याच्या जागेचा अर्थ उभें राहण्याच्या जागेकडे गेला, ही मराठी भाषेच्या इतिहासांतील एक मौजेची घडामोड होय.

परंतु ती घडली कशानें? दगडानें नव्हे, विस्तवानें. मातीची चूल उचलतां येत नसे, म्हणून स्वयंपाक करणारीला तिच्यापाशीं जाऊन बसावें लागे. १८९२ सालीं स्वीडनमध्यें लिंडक्विस्ट नांवाच्या कारागिराच्या कल्पनेंतून प्रायमस स्टो निघाला, आणि कालांतरानें तो हिंदुस्थानांत घरोघर पोंचला. हा विस्तव उचलून कोठेंहि ठेवतां येई. इकडे मुंबईंत जागा आटत चालली होती. १९२० सालीं स्थापन झालेल्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. त्यांतील एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. इतक्या जागेंत जेवणें, निजणें व रांधणें सर्व उरकावयाचें. तेथें जमीन हीच सर्वांत महाग वस्तु. भांडीं व विस्तव जमिनीवरून जितके वर चढतील तितकी पाय पसरण्यास जागा. पुढें १९५५ सालीं बर्मा-शेल कंपनीनें मुंबईंत टांकींतून गॅस विकण्यास प्रारंभ केला, आणि त्याबरोबर एक नियमहि आला: शेगडी टांकीपेक्षां उंच असली पाहिजे. टांकी जमिनीवर उभी, शेगडी तिच्या वर. म्हणजे ओटा हा आतां सोयीचा प्रश्न न राहतां आवश्यकच झाला.

युरोपांत ही उंची निराळ्या मार्गानें ठरली होती. १९२६ सालीं मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद बाईंनीं फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठीं जें लहानसें स्वयंपाकघर आंखलें, तें पुढें सुमारें १०,००० घरांत बसविण्यांत आलें. गृहिणीचीं पावलें व वेळ मोजून त्यांतील प्रत्येक वस्तूची जागा ठरविलेली होती, आणि काम करतांना बसतां यावें म्हणून एक फिरतें स्टूलहि दिलेलें होतें. तेथील काम करण्याची फळी लाकडाची. आपल्याकडे लाकूड टिकलें नसतें, कारण मराठी स्वयंपाकघरांत पाणी ओतून धुतल्यावांचून स्वच्छता झाल्यासारखें कोणालाच वाटत नाहीं. ओल, हळद, तेल व तापलेलें पातेलें या चौघांना एकदम तोंड देणारी वस्तु दगडावांचून दुसरी कोणती होती?

मात्र फ्रँकफुर्टला जें मोजमाप एका विचारी बाईनें केलें, तें आपल्याकडे गवंड्यावर सोंपविण्यांत आलें. बत्तीस इंच म्हणजे बत्तीस इंच. घरची बाई ठेंगणी असो वा उंच. चुलीपुढें बसून धुरानें डोळे व गुडघे झिजविणाऱ्या पिढीला उभ्या ओट्यानें सुटका दिली हें खरें. परंतु खांदे उंचावून कणीक मळणारीच्या किंवा वांकून भाजी चिरणारीच्या पाठीचा हिशेब कोणी मांडला नाहीं. वस्तुतः नियम सोपा आहे. हात कोपरांत दुमडून उभें राहावें, व कोपराच्या चार बोटें तरी खालीं ओट्याचा माथा यावा. दगडाची निवड करण्याआधीं हें माप घेणें अगत्याचें, कारण दगड बदलतां येतो, पण बांधलेली उंची सहसा कोणी मोडीत नाहीं.

ओट्याबरोबर आणखी एक पालट झाला. तो लहान दिसतो, पण दगडाच्या दृष्टीनें फार मोठा आहे. जमिनीवर बसून विळीनें चिरतांना पातें वर असतें आणि भाजी हातांत. खालच्या दगडाशीं लोखंडाचा संबंधच येत नाहीं. ओट्यावर विळी गैरसोयीची, म्हणून सुरी आली. आणि सुरी खालीं दाबावी लागते. लोखंड आणि दगड यांची गांठ येथें प्रथम पडली. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठीं मोस या शास्त्रज्ञानें १८१२ सालीं एक श्रेणी लावली. तींत चुनखडकाचें मुख्य खनिज जें कॅल्साइट, त्याचा क्रमांक ३, सुरीचें पोलाद साडेपांचाच्या आसपास, फेल्डस्पार ६, आणि गारगोटी ७. तेव्हां कडप्प्यावर सुरीची रेघ उठते व ग्रॅनाइटवर उठत नाहीं, यांत दैवाचा भाग कांहींच नाहीं.

सुरीपेक्षां वाईट वैरी लिंबू. चुनखडकावर आम्ल पडलें कीं तें त्यास खातें व त्यांतून कार्बन डायॉक्साइड वायु सुटतो. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, आमसुलाचें पाणी, आंबट ताक हे मराठी स्वयंपाकाचे रोजचे सोबती. आणि यांपैकीं जो कोणी कडप्प्यावर सांडून राहील, तो आपला फिकट डाग मागें ठेवून जाईल. जुन्या गृहिणी खोबरेल तेलाचा हात फिरवून हे डाग झांकीत, आणि दगड पुन्हां काळाभोर दिसे. संगमरवराचीहि हीच रड. १६३२ सालीं सुरूं झालेल्या ताजमहालासाठीं मकराण्याचा संगमरवर नेला गेला. पण तोहि पडला कॅल्साइटच. बादशहाच्या थडग्याला शोभणारा दगड सोलकढीला शोभत नाहीं. हिरवट कोटा दगड राजस्थानचा. त्याचें कूळहि चुनखडकाचेंच. असो. कडप्प्याला केवळ नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. ज्यांच्या घरीं सुरी पाटावर चालते आणि सांडलेलें लगेच पुसलें जातें, त्यांच्या घरचे कडप्प्याचे ओटे तीन तीन पिढ्या टिकलेले आहेत. आणि आज ज्या घरांत वर ग्रॅनाइट झळकतो, त्या घरांतहि ओट्याखालीं वांकून पाहिलें तर भार पेलीत उभा असतो तो बहुधा कडप्पाच.

ग्रॅनाइट इतका चांगला, तर तो इतक्या उशीरां कां आला? दक्षिण हिंदुस्थानांत त्याला तोटा नव्हता. तंजावरचें बृहदीश्वर मंदिर राजराज चोळानें १०१० च्या सुमारास पुरें केलें तें ग्रॅनाइटचेंच, आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ सालीं सरफोजी राजांनीं भोसले वंशाचा इतिहास मराठींत कोरविला. महाराष्ट्रांतहि लाव्हाच्या पठाराबाहेर, चंद्रपूर-गडचिरोलीकडे व दक्षिण कोंकणांत, ग्रॅनाइट आढळतो. उणीव होती ती दगडाची नव्हे, करवतीची. ग्रॅनाइटला चुनखडकासारखे थर नाहींत. पाचर ठोकून त्याचा ठोकळा निघेल, पण बोटाएवढी पातळ, दहा फूट लांब शिळा निघणार नाहीं. प्राचीन इजिप्तांत आस्वानच्या खाणींमध्यें डोलेराइटचे गोटे आपटून आपटून ग्रॅनाइट कोरीत. ती पद्धति देवळांना व पिरॅमिडांना परवडते, ओट्याला नव्हे.

हिऱ्यावांचून ग्रॅनाइट झपाट्यानें कापला जात नाहीं, आणि खाणीचा हिरा महाग. १९५४ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत कृत्रिम हिरा सिद्ध झाला. १९५५ सालीं ती वार्ता जाहीर झाली. या हिऱ्याला रूप नव्हतें; पण त्याची पूड करवतीच्या पात्यांना बसविली कीं ग्रॅनाइट मुकाट्यानें कापला जाऊं लागला. पुढील तीन-चार दशकांत हीं पातीं स्वस्त होत गेलीं, आणि साधारणतः १९८० नंतर राजेमहाराजांचा व देवांचा हा दगड मध्यम स्थितींतल्या मराठी कुटुंबाच्या ओट्यावर आला. त्याच सुमारास विजेचा मिक्सर घरोघर शिरला होता. पाटा-वरवंटा उचलून गॅलरींत गेला, त्याचीहि वेळ हीच.

आतां यांतील खरी मौज. बाजारांत ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात, तो शास्त्राच्या दृष्टीनें बहुधा ग्रॅनाइट नसतोच. खरा ग्रॅनाइट गुलाबी, राखी, पांढुरका असतो. लुगड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या इरकलचा तांबूस-गुलाबी दगड किंवा राजस्थानांतील जालोरचा दगड हे त्या जातीचे. काळ्या शिळा पुष्कळशा डोलेराइट किंवा गॅब्रो या खडकांच्या असतात. आंध्रांतील ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा जो सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड ब्लॅक गॅलॅक्सी या नांवानें जगभर गेला, तो या दुसऱ्या कुळांतला; ते ठिपके ब्रॉन्झाइट नांवाच्या खनिजाचे. आणि डोलेराइट, गॅब्रो व बेसॉल्ट हीं तिन्ही सख्खीं भावंडें. एकच रस भूपृष्ठावर लवकर निवाला तर बेसॉल्ट, पोटांत सावकाश निवाला तर गॅब्रो. म्हणजे सुनेनें हट्टानें आणविलेला काळा ओटा आणि सासूबाईंनीं गॅलरींत ठेवूं दिलेला पाटा हे एकाच घराण्यांतले. एक टाकीनें खरबरीत केलेला, दुसरा हिऱ्यानें चकचकीत केलेला, एवढाच काय तो भेद.

हा भेदाभेद घरीं पारखतां येतो. पसंत पडलेल्या शिळेचा एक झिलईदार तुकडा दुकानदाराकडून मागून घ्यावा, आणि त्यावर लिंबाची कापलेली फोड रात्रभर उपडी ठेवावी. सकाळीं पुसल्यावर जेथें फोड होती तेथें झिलई मेलेली दिसली, तर तो दगड चुन्याच्या जातीचा, मग त्याचें नांव कांहींहि असो. सुरीचें टोंक दाबून ओढावें. पांढरी रेघ बोटानें पुसून गेली तर ती पोलादाची, न गेली तर ती दगडाची जखम. पाण्याचा थेंब टाकून घटकाभर थांबावें. खालचा दगड ओलसर गडद झाला तर तो तेल व हळदहि तसेंच पिणार. फिक्या रंगाच्या ग्रॅनाइटांत हा दोष असूं शकतो, व त्याला वरून रासायनिक लेप द्यावा लागतो. काळे दगड त्या मानानें घट्ट. कित्येकदां राखी शिळेला रंग किंवा तेल चोळून काळी करतात. नखांचा रंग काढण्याच्या द्रावणांत पांढरें फडकें बुडवून घांसलें आणि फडकें काळें झालें, तर तो काळेपणा खाणींतला नव्हे.

गेल्या कांहीं वर्षांत या बाजारांत एक नवा पाहुणा आला आहे. लोक त्याला क्वार्ट्झ म्हणतात. हा दगड खाणींतून निघत नाहीं, कारखान्यांत होतो. १९६३ सालीं इटलींत स्थापन झालेल्या ब्रेटन कंपनीनें विकसित केलेल्या पद्धतीनें गारगोटीची पूड व राळेसारखें रसायन एकत्र दाबून त्याच्या शिळा करतात. त्यांत शेंकडा ९० च्या आसपास किंवा त्याहून अधिक गारगोटी असते. रंग हवा तो मिळतो, डाग पडत नाहीं, लिंबू त्याचें कांहीं करूं शकत नाहीं. दोष एक सर्वांना दिसतो: तापलेली कढई थेट ठेवली तर राळ करपते. दुसरा दोष ओटा वापरणाऱ्याला दिसत नाहीं. तो कापणाऱ्याच्या छातींत असतो.

गारगोटीची अति बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली तर तेथें ती कायमची बसते, आणि फुप्फुस हळूहळू घट्ट होऊन निकामी होतें. सिलिकोसिस म्हणतात तो हा रोग; त्यावर गुणकारी औषध नाहीं. ही व्यथा जुनी आहे. १५५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथांत ॲग्रिकोला लिहितो कीं, कार्पेथियन पर्वतांतील खाणींच्या मुलुखांत एकामागून एक सात पतींना या धुळीच्या रोगानें गमावलेल्या स्त्रिया आढळत. १७०० सालीं रामात्सिनी या इटालियन वैद्यानें कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथांत पाथरवटांच्या खोकल्याची व दम्याची नोंद केली. आपल्याकडचें उदाहरण तर शाळेंतलेंच आहे. ज्या पाटीवरच्या पेन्सिलींनीं कितीतरी मुलें मुळाक्षरें गिरवायला शिकलीं, त्या मध्य प्रदेशांतील मंदसोर येथें कापल्या जात. आणि कापणाऱ्यांपैकीं पुष्कळजण ऐन तारुण्यांत याच रोगानें गेले.

साध्या ग्रॅनाइटमध्यें गारगोटीचें प्रमाण साधारणतः एक पंचमांशापासून दोन पंचमांशांपर्यंत असतें; डोलेराइट व गॅब्रो यांत फारच थोडें; चुनखडकांत व संगमरवरांतहि बहुधा थोडेंच. कृत्रिम दगडांत तें जवळजवळ सर्वच. त्यामुळें जो रोग पूर्वीं वीस-तीस वर्षांनीं दिसे, तो या दगडाच्या कारागिरांत थोड्याच वर्षांत दिसूं लागला. इस्राएलांतील डॉक्टरांनीं २०१२ सालीं अशा रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली, आणि ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून हा दगड करणें, विकणें, कापणें व बसविणें या सर्वांवर बंदी घातली. असें करणारा तो पहिला देश. भारतांत तो सर्रास विकला जातो, आणि दुकानांत त्याची स्तुति करतांना धुळीचा उल्लेख कोणीहि करीत नाहीं.

नैसर्गिक दगडहि या बाबतींत निर्दोष नाहींच. शिळा घरीं आली म्हणजे शेगडीसाठीं व भांडीं घासण्याच्या कुंडासाठीं तींत भोकें पाडावीं लागतात. तीं बहुधा जिन्यांत किंवा गच्चीवर, हातांतल्या विजेच्या करवतीनें पाडतात. पात्यावर पाण्याची धार असली तर धुळीचा चिखल होतो, आणि चिखल श्वासांत जात नाहीं. एखादा पोरगा झांकणाला भोंक पाडलेली बाटली धरून पात्यावर पाणी सोडीत उभा असलेला पुष्कळ ठिकाणीं दिसतो. तोच काय तो सगळा बंदोबस्त. पण चिखलानें जिना घाण होतो, शेजारी कुरकुर करतात, आणि मग "कोरडेंच काप" असें सांगण्यांत येतें. सांगणारा बहुतेक वेळां घरमालकच असतो. कारागीर तोंडाला रुमाल बांधतो, परंतु ही धूळ रुमालाच्या विणीहून कितीतरी बारीक असते. याला उपाय आहे, व तो महागहि नाहीं. शेगडीचें व कुंडाचें माप आधीं नेऊन दिलें, तर दगडाच्या वखारींतच, मोठ्या यंत्रावर, पाण्याच्या धारेखालीं सर्व भोकें पाडून शिळा तयार मिळते. त्यासाठीं शेगडी व कुंड दगडाच्या अगोदर विकत घ्यावीं लागतात, एवढेंच.